बीप बंद करणाऱ्या माननीय कार्यवाहांस

माननीय कार्यवाह साहेब,


आपल्या कारकिर्दीवर संस्था गौरव अंक काढते आहे, असे कानावर आले. त्यात माझ्याकडून लेख मागवलेला नाही, म्हणून आपले आभार इथे उघडपणे मानतो. आपले आणि संस्थेचे नाव मात्र लिहीत नाही. आपल्याला प्रसिद्धीची हाव नाही, असे आपण प्रत्येक भाषणात सांगता. त्या विनयाचा मान राखणे माझे कर्तव्य आहे.

पहिले आभार त्या काळ्या डब्याबद्दल. चार कप्पे, प्रत्येकात ४ टीबीची एक हार्ड डिस्क, आणि चारही रेड ५ या रचनेत जोडलेल्या. आपण नारळ वाढवलात आणि म्हणालात, "आजपासून संस्थेचा ठेवा अमर झाला." टाळ्या झाल्या. ठेव्यात काय होते ते आपल्या भाषणात राहून गेले, ते वाचकांना सांगतो. तालुक्यातल्या बायकांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे होती. काही घराण्यांनी विश्वासाने स्कॅनिंगला दिलेली मोडी दप्तरे होती. कधीच बंद पडलेल्या एका स्थानिक साप्ताहिकाचे अंक होते. त्या गाणाऱ्या बायकांपैकी बहुतेक आज हयात नाहीत.

त्या अमरत्वाचे गणित आपण कधी विचारले नाहीत. इतकी श्रद्धा आजकाल कुठे पाहायला मिळते? वाचकांसाठी मी ते मांडतो. तीन डिस्कांवर ५, ७ आणि ९ हे आकडे आहेत असे धरा, आणि चौथीवर त्यांची बेरीज, २१. कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून गेलेला आकडा निघतो. ७ गेला, तर २१ मधून ५ आणि ९ वजा करा. खरे यंत्र बेरजेऐवजी बिट जुळवते आणि तो हिशेब, म्हणजे पॅरिटी, चारही डिस्कांवर आळीपाळीने वाटून ठेवते. पण तत्त्व हेच. मात्र दोन आकडे गेले, तर एका बेरजेवरून दोन्ही शोधणे कोणालाच शक्य नाही.

म्हणजे १६ टीबीतले ४ टीबी या हिशेबाला आणि १२ टीबी आपल्या वापराला. रेड ६ मध्ये असे दोन स्वतंत्र हिशेब ठेवतात आणि दोन डिस्का गेल्या तरी माहिती राहते. तो पर्याय मांडला तेव्हा "आणखी ४ टीबी वाया कशाला घालवायचे?" असे विचारून आपण संस्थेचा पैसा वाचवलात. आपल्या काटकसरीला तोड नाही.

त्याच आठवड्यात ओव्यांच्या मूळ कॅसेटी रद्दीवाल्याला दिल्याबद्दलही आभार. "सगळं डब्यात आहे, मग हा कचरा कशाला?" हे आपले वाक्य मला पाठ आहे. कपाट रिकामे झाले आणि आपल्या स्मृतिचिन्हांना हक्काची जागा मिळाली. कॅसेटींना बुरशी लागत होती, हे खरे. तरी त्यातल्या बऱ्याच अजून वाजत होत्या.

चारही डिस्का एकाच खोक्यातून, एकाच दिवशी, घाऊक सवलतीत घेतल्याबद्दल आपल्या व्यवहारचातुर्याला नमस्कार. एकाच तुकडीतल्या डिस्का एकाच कपाटात एकाच उन्हाळ्याने तापल्या, आणि पहिल्या दिवसापासून सारखेच काम करून सारख्याच झिजल्या. रेड ५ चे सगळे गणित 'एका वेळी एकच जाईल' या गृहीतावर उभे आहे, आणि आपण चौघी एकाच वयाच्या करून ठेवल्यात.

हे भय माझ्या कल्पनेतले नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ कंपनीने ग्राहकांना कळवले, की आमच्या काही एसएसडी डिस्का फर्मवेअरमधल्या, म्हणजे आतल्या प्रोग्राममधल्या, चुकीमुळे ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तास. त्यानंतर ना डिस्क परत येईल, ना तिच्यावरची माहिती. ज्यांनी रेडसाठी अशा डिस्का एकाच दिवशी चालू केल्या होत्या, त्यांच्या एकाच सुमारास मेल्या असत्या आणि पॅरिटीचा काडीचा उपयोग झाला नसता. कंपनीने सूचना दिली आणि दुरुस्त फर्मवेअरही दिले. ज्यांनी सूचना वाचली ते वाचले.

आणि सूचना म्हटले की आपली आठवण होणारच.

पावसाळ्याच्या सुरुवातीला डबा बीप करू लागला. तिसऱ्या कप्प्याचा दिवा नारिंगी झाला. एक डिस्क गेली होती, आणि डबा आपल्या परीने तेच सांगत होता. आपल्या बैठकीत व्यत्यय येत होता. आपण सेटिंगमध्ये जाऊन बझर बंद करवलात आणि बैठक शांततेत पार पडली. दिवा काही बंद होईना, तेव्हा डब्यासमोर देणगीदारांच्या नावांची पाटी उभी केलीत. देणगीदारांचा इतका चपखल उपयोग कोणत्याही संस्थेने केला नसेल.

डबा गप्प झाला तरी ईमेल पाठवत राहिला. ते ईमेल नोकरी सोडून गेलेल्या लिपिकाच्या पत्त्यावर जात होते. तो पत्ता बदलावा, असा अर्ज मी दिला होता. आपण त्यावर 'पाहावे' असा शेरा मारलात. आपले अक्षर सुंदर आहे.

आता एक जुना निबंध आपल्या सेवेसी सादर करतो. १९८८ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेड हे नाव आणि त्याचे गणित जगापुढे मांडले. माहिती किती काळ टिकेल, याचे सूत्र त्यात आहे. डिस्कचे सरासरी आयुष्य त्यांनी ३०,००० तास धरले होते. आणि बिघडलेली डिस्क बदलून पुन्हा भरायला लागणारा वेळ? १ तास. हा दुरुस्तीचा वेळ सूत्रात भागाकाराच्या खाली बसतो. तो दुप्पट झाला की माहिती टिकण्याचा अपेक्षित काळ निम्मा होतो. रेड ज्यांनी जगाला दिले, त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून ठेवले होते की सगळी मदार तुम्ही किती लवकर हालचाल करता यावर आहे. त्यांनी १ तास धरला, आपण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ घेतलात. सूत्र तेच आहे, साहेब, फक्त खालचा आकडा आपला आहे.

पंक्चर झाल्यावर गाडी स्टेपनीवर चालते, ती पुढच्या गॅरेजपर्यंत जाण्यासाठी. आपण त्या स्टेपनीवर अष्टविनायक करून आलात.

डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क गमावलेल्या, अवस्थेत डबा चालतो, हेच त्याचे दुर्दैव. फायली उघडतात. गेलेल्या डिस्कवरचा प्रत्येक तुकडा उरलेल्या तिघींवरून दर वेळी नव्याने काढला जातो, आपल्याला दिसते ते नेहमीचेच फोल्डर. "चालतंय की!" असे आपण म्हणालात. चालत होते. उरलेल्या तीन डिस्का चौथीचे ओझे वाहत चालत होत्या.

त्या तिघींपैकी एकीने इशाराही दिला होता. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. किती खराब जागा बदलल्या, किती वाचता येत नाहीत, सारे तिथे दिसते. पहिल्या कप्प्यातल्या डिस्कच्या नोंदीत ते आकडे चढत होते. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःची पृष्ठभाग तपासणी करताना जिला पहिली चूक सापडली, ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट होती. त्याच अभ्यासात असेही दिसले की बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या नोंदींपैकी एकाही नोंदीत इशारा दिलेला नव्हता. म्हणजे इशारा मिळणे हेच भाग्य. ते भाग्य आपल्या वाट्याला आले, कागदावर छापून आपल्या टेबलावर ठेवले गेले, आणि त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर आपण जेवणावळीची यादी केलीत. कागद वाचवण्याच्या या सवयीबद्दल पर्यावरणही आपले ऋणी राहील.

नवी डिस्क घेण्यासाठी तीन दरपत्रके मागवण्याचा आपला आग्रह नियमाला धरून होता. नियमाचे मोल मी जाणतो. त्याच महिन्यात मंडपासाठी एकच दरपत्रक पुरले आणि तो मंडप डिस्कपेक्षा महाग होता, एवढी नोंद करून पुढे जातो. यूपीएसची बॅटरी कार्यालयाच्या डब्यावरून काढून आपल्या दालनातल्या संगणकाला लावली, त्याचीही नोंदच फक्त करतो.

अखेर डिस्क आली. सर्वांत स्वस्त दरपत्रकाची, घरगुती संगणकासाठीची, एसएमआर पद्धतीची. या पद्धतीत जागा वाचवण्यासाठी माहितीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, त्यामुळे उसंत न देता मोठे लिखाण आले की डिस्क दमते. आणि रीबिल्ड म्हणजे नव्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत लिखाण. मला एवढेच विचारायचे होते की ही डिस्क कोणत्या पद्धतीची आहे. "डिस्क म्हणजे डिस्क," असे उत्तर आपण दिलेत.

या प्रश्नावरून जगात केवढे वादळ झाले होते! २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला जाहीर करावे लागले की नॅससाठी, म्हणजे अशाच डब्यांसाठी, म्हणून विकल्या जाणाऱ्या 'डब्ल्यूडी रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्का एसएमआर पद्धतीच्या आहेत. तोवर खोक्यावर तसे लिहिलेले नव्हते. अशा एका ४ टीबी डिस्कच्या जाहीर चाचणीत रीबिल्डला नऊ दिवसांहून अधिक लागले. जुन्या पद्धतीच्या डिस्कचे तेच काम एका दिवसात उरकले होते. पुढे कंपनीने जुन्या पद्धतीच्या डिस्का 'रेड प्लस' या नावाने वेगळ्या केल्या. त्या ग्राहकांना निदान कोणी सांगितले नव्हते. आपल्याला सांगितले होते.

डिस्क बसवायला आपण दुकानातला मुलगा बोलावलात. त्याचा दोष नाही, तो पोटासाठी काम करतो. डब्याचा पडदा म्हणत होता, 'डिस्क २ बंद'. यंत्र ० पासून मोजते, माणूस १ पासून. मुलाने दुसऱ्या कप्प्यातली चांगली डिस्क ओढून काढली आणि चालू असलेला सगळा साठा जागीच आडवा झाला. प्रत्येक कप्प्यावर आतल्या डिस्कचा सीरियल नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावू द्या, म्हणून मी विनंती केली होती. "डब्याचा लूक जातो," असे आपण म्हणालात. सौंदर्यदृष्टी जन्मजात असावी लागते. नशिबाने तीच डिस्क तिथेच परत बसवून डबा पुन्हा उभा राहिला.

मग रीबिल्ड सुरू झाले. १२ टीबी वाचायचे होते, तीन डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत. साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात १० च्या १४ व्या घाताएवढे बिट वाचताना एक बिट न वाचता येण्याची मर्यादा छापलेली असते. त्याचे होतात साधारण १२.५ टीबी. प्रत्यक्षात बऱ्याच डिस्का याहून चांगल्या निघतात. पण म्हणूनच दर महिन्याला सगळ्या डिस्का वाचून तपासायच्या असतात, म्हणजे खराब झालेली जागा पॅरिटी शाबूत असतानाच सापडते आणि दुरुस्त होते. ही तपासणी आपण पहिल्या महिन्यातच बंद करवलीत, कारण ती चालू असताना सत्काराचे फोटो उघडायला वेळ लागत होता.

रीबिल्ड रडतखडत कित्येक दिवस चालले. अर्धे व्हायच्या आधीच पहिल्या कप्प्यातली डिस्क गेली. तीच, जिचा कागद आपल्या टेबलावर होता. गणितातला दुसरा आकडा गेला.

इथवरही मी आपल्याला क्षमा केली असती. त्या क्षणी डबा बंद करून, चारही डिस्का कप्प्यांच्या क्रमाने खुणा करून बाजूला ठेवायच्या होत्या. माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळा असतात. जाता जाता मेलेल्या डिस्कवरूनही बरेच वाचता येते, फक्त तिच्यावर नवे काही लिहू नये. मी फोनवर ओरडून हे सांगत होतो. आपण म्हणालात, "उद्या पाहुणे येणार आहेत, स्क्रीनवर लाल अक्षरं बरी दिसत नाहीत." आणि 'इनिशियलाइझ' या बटणावर बोट ठेवायला सांगितलेत. यंत्राने विचारले, सगळे पुसले जाईल, खात्री आहे का? आपल्याला खात्री होती. लाल अक्षरे गेली, हिरवी आली. पाहुण्यांना रिकामा, निरोगी डबा दाखवण्यात आला.

आपल्या एका वाक्याचे ऋण अजून फेडायचे आहे: "रेड आहे ना, मग बॅकअप कशाला?" साहेब, हे वाक्य आपल्या एकट्याचे नाही. दवाखान्यांत, पतपेढ्यांत, फोटो स्टुडिओंत, शाळांच्या कार्यालयांत ते रोज बोलले जाते, आणि दर वेळी तितकेच खोटे असते. रेड डिस्क बिघडण्यापासून थोडी मुदत देते, याखेरीज काहीही देत नाही. चुकून फाइल पुसली तर रेड ती सगळ्या डिस्कांवरून त्याच क्षणी पुसते. व्हायरसने कुलूप लावले तर पॅरिटीसकट कुलूप लागते. डबा चोरीला गेला, जळाला, पुरात बुडाला, तर चारही डिस्का एकत्र जातात. दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी, आणि ती अधूनमधून उघडून पाहावी.

उघडून पाहण्यावर माझा भर का आहे, तेही सांगतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या अभियंत्याने रात्री चुकून मुख्य डेटाबेसचे फोल्डर पुसले. बॅकअपचे अनेक मार्ग होते. रोजची प्रत काढणारा प्रोग्राम आवृत्ती न जुळल्याने कित्येक दिवस अपयशी ठरत होता, आणि ते कळवणारे ईमेल समोरचा सर्व्हर नाकारत होता. अखेर सहा तासांपूर्वी एकाने हाताने काढून ठेवलेली प्रत कामी आली. मधल्या काळातले गेले ते गेलेच. पण त्या कंपनीने काय झाले, कसे झाले, कोणते ईमेल पोहोचले नाहीत, हे सगळे जगासमोर लिहून काढले, आणि दुरुस्ती चालू असतानाच लोकांना थेट दाखवली. चुकलेल्या अभियंत्यावर खापर फोडले नाही.

आपण वार्षिक अहवालात 'तांत्रिक बिघाडामुळे काही फायली उपलब्ध नाहीत' असे एक वाक्य लिहिलेत. अठ्ठेचाळीस पानी अहवालात एक वाक्य. 'काही फायली' म्हणजे कोणत्या, हे दप्तरे देणाऱ्या घरांना अजून कोणी कळवलेले नाही. एका घरातली मूळ कागदपत्रे दरम्यान वाळवीने खाल्ली. त्या घरातल्या आजोबांना वाटते की त्यांचे दप्तर संस्थेत सुखरूप आहे. त्यांना जाऊन सांगण्याचा मान, साहेब, आपला आहे.

आभार मानून संपले. आता साध्या शब्दांत दोन मागण्या.

येत्या बैठकीत डब्यातल्या त्या चार डिस्का भंगारात काढण्याचा ठराव आहे. तो मागे घ्या. 'इनिशियलाइझ'ने वरची नोंद पुसली असली, तरी त्यानंतर डब्यावर फारसे काही लिहिले गेलेले नाही, म्हणून आत बरेच काही अजून शिल्लक असू शकते. चारही डिस्का बाहेर काढा, कोणती कोणत्या कप्प्यात होती ते लिहा, त्या कोणत्याही यंत्राला जोडू नका आणि प्रयोगशाळेत पाठवा. खर्च मंडपापेक्षा जास्त येईल. तो करा. आणि ज्या घरांनी दप्तरे दिली, त्यांना याच महिन्यात खरे काय ते लेखी कळवा.

वाचकांना विनंती वेगळी आहे. त्या वर्षांत संस्थेतून अनेकांनी पेन ड्राइव्हवर ओव्या नेल्या. कोणी आपल्या आजीचा आवाज म्हणून, कोणी अभ्यासासाठी, कोणी प्रवासात ऐकायला. जुन्या लॅपटॉपमध्ये, मोबाइलच्या कार्डात, सीडीवर, कुठेही त्यातले एखादे गाणे असेल, तर ते पुसू नका. अर्धे असले तरी चालेल, आवाज खरखरीत असला तरी चालेल. आधी त्याची आणखी एक प्रत करा आणि मग हे पत्र छापणाऱ्या संपादकांकडे कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक माजी स्वयंसेवक